पट्टी आधी तपासा, मग तिकीट



मागच्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांची मुलगी आठवीत आहे आणि तिला टपाल तिकिटे जमवण्याचा नाद लागला आहे. ताई लिहितात, की पोरगी आता तिकिटाची भोके मोजायची पट्टी हवी म्हणून हटून बसली. दुकानात गेल्या तर दुकानदाराने तीन तऱ्हेच्या पट्ट्या पुढे टाकल्या. एक पत्र्याची, एक जाड प्लास्टिकची ठिपक्यांची आणि एक आरपार दिसणारी, तिरक्या रेघांची. तिघींच्या किमतीत बरेच अंतर. "मला यातले काही कळत नाही. घरखर्चातून पैसे काढायचे तर वस्तू कामाची असावी. कोणती घेऊ?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न साधाच आहे. पण उत्तर लिहायला बसलो आणि आमची आम्हालाच लाज वाटली. या पट्टीपायी आम्ही एकदा एका भल्या माणसाचे मन दुखावले आहे. ते पुढे सांगतोच. आधी मोजायचे काय, ते पाहू.

इंग्लंडात १८४० साली जगातले पहिले टपाल तिकीट निघाले, तेव्हा त्याच्या कडेला छिद्रे नव्हती. कारकून कात्रीने तिकीट कापून देई. आपल्याकडे १८५४ साली कलकत्त्याला छापलेली अर्ध्या आण्यापासून चार आण्यांपर्यंतची तिकिटेही अशीच बिनछिद्रांची. कात्री चुकली की शेजारच्या तिकिटाचा कोपरा गेलाच. हेन्री आर्चर नावाच्या आयरिश गृहस्थाने तिकिटांच्या मधल्या जागेत बारीक छिद्रांच्या ओळी पाडण्याचे यंत्र काढले आणि ब्रिटिश सरकारने १८५३ साली ते हक्क चार हजार पौंडांना विकत घेतले.

पण छिद्रे किती जवळजवळ पाडायची? येथे सगळ्यांनीच धडपडत धडे घेतले. १८५४ सालच्या इंग्लंडच्या लाल पेनी तिकिटाला दोन सेंटिमीटरमध्ये १६ छिद्रे येत. ती इतकी दाट झाली की पूर्ण ताव हाताळतानाच सुटा होऊ लागला. पुढच्याच वर्षी १६ ची १४ केली. अमेरिकेत याच गोष्टीची दुसरी तऱ्हा. तेथे आधी १२ चे माप होते, ते फार लवकर फाटे. म्हणून १० केले, तर ते सुटता सुटेना आणि तिकीटच फाटे. शेवटी १९१७ च्या सुमारास ११ वर तडजोड झाली. एकाच चित्राची, एकाच रंगाची तिकिटे, पण कडेच्या छिद्रांवरून कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे ते ओळखता येते. एक रुपयाला मिळते आणि दुसरे शेकड्यांनी जाते, असा फरकही केवळ एवढ्यावरून पडतो.

हे मोजण्याची रीत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ साली घालून दिली. दोन सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिमीटर लांबीत छिद्रे किती, तो आकडा म्हणजे तिकिटाचे छिद्रमाप. आजही सगळ्या जगाचे कॅटलॉग हीच रीत पाळतात. कॅटलॉगात नुसते '१४' लिहिले असेल तर चारी बाजूंना १४ समजावे. '१४ × १३.५' असे असेल तर पहिला आकडा वरच्या-खालच्या आडव्या कडेचा आणि दुसरा उभ्या कडेचा. पुष्कळ मुले येथेच उलटे वाचतात.

मापे नेहमी पूर्णांकात येत नाहीत. सव्वातेरा, साडेतेरा, पावणेचौदा अशी येतात. ज्यांनी पावकी, निमकी, सवायकी घोकली त्या पिढीला यात नवल वाटणार नाही. नव्या पिढीला मात्र पाव हिश्शाचे महत्त्व समजावून द्यावे लागते. दोन सेंटिमीटरच्या कडेवर १३.५ आणि १४ यांच्यात फरक केवळ अर्ध्या छिद्राचा पडतो. डोळ्याने तो कळत नाही, म्हणून पट्टी हवी.

आता आमची चूक.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर मुलांचा वर्ग भरतो. त्यात आम्ही थोडा वेळ तिकिटांना देतो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका एक चपटी पत्र्याची डबी घेऊन आले. पूर्वी तंबाखूची असावी. काकांचे वडील हमाली करीत. स्वतः अक्षरशत्रू. पण घरी आलेले प्रत्येक पत्र ते दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेत आणि त्यावरचे तिकीट पाण्यात सोडवून या डबीत ठेवत. "वर्गातल्या पोरांना दाखवा," काका म्हणाले.

डबीत बोधिसत्त्वाचे चित्र असलेली एक आण्याची दोन तिकिटे होती, निळसर हिरव्या रंगाची. आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने जुन्या शिल्पांची जी मालिका काढली, त्यातले हे तिकीट. त्याच मालिकेत अजिंठ्याचा हत्ती आहे, सांचीचे तोरण आहे, बुद्धगयेचे महाविहार आहे. ही तिकिटे पोस्टात विकायला आली तेव्हा बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचे घटनेच्या मसुद्याचे काम शेवटच्या टप्प्यात होते.

मुलांनी तिकिटे शेजारीशेजारी ठेवली. एक मुलगी म्हणाली, "सर, या दोघांचे हात उलटे आहेत." खरेच होते. एकात बोधिसत्त्वाचा डावा हात पुढे आलेला, दुसऱ्यात उजवा. लगेच एक पोरगा म्हणाला, "मग एक नकली असणार!"

येथे आम्ही थांबायला हवे होते. पण नेमकी त्याच आठवड्यात आम्ही छिद्रे मोजायची पट्टी आणलेली. आणलेली कसली, एका स्नेह्याकडच्या पट्टीचे चित्र संगणकात घालून घेतले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर छापून आणले. फुकटात काम झाले म्हणून खुशीत होतो. मोठ्या तोऱ्यात ती पट्टी काढली, तिकिटे लावली. दोन्ही सव्वातेराच्या ओळीवर बरोब्बर बसली. कॅटलॉगात पाहिले तर माप १४. आम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "काका, दोन्ही खरी दिसत नाहीत."

काका काही बोलले नाहीत. तिकिटे डबीत ठेवली, झाकण लावले. मग म्हणाले, "माझ्या बापाने जपून ठेवलेली आहेत, सर. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याच्या डबीत खोटं काही नव्हतं." पुढचे दोन रविवार ते विहारात आले नाहीत.

तिसऱ्या रविवारी हात उलटे असल्याचे सांगणारी तीच मुलगी आमची कागदी पट्टी आणि आपली कंपासपेटी घेऊन आली. "सर, दहाच्या ओळीत दहा घरं वीस मिलिमीटरची हवीत ना? इथे एकोणीसच भरतात."

आम्ही स्वतः मोजले. एकोणीसच. कागदात मावावे म्हणून छापणाऱ्या यंत्राने चित्र आपोआप थोडे लहान केले होते. शंभराला पाच एवढेच, पण त्यामुळे सगळ्या ओळी दाटल्या. १४ मापाचे खरे तिकीट त्या पट्टीवर १३.३ भरणार, म्हणजे सव्वातेराच्या ओळीवर बसणारच. कालाम सुत्तावर आम्ही याच वर्गात चार वेळा बोललो होतो, की सांगोवांगी काही मानू नका, स्वतः तपासा. आणि पट्टी मात्र सांगोवांगी मानली.

हातांचा उलगडा तर कॅटलॉगातच होता. आम्ही छिद्रांचा आकडा पाहिला आणि खालची ओळ वाचलीच नाही. १९४९ च्या तिकिटावर मूर्तीचे चित्र उलटे छापले गेले होते, आरशात दिसावे तसे. चूक लक्षात आल्यावर १९५० साली सुलटे चित्र असलेले तिकीट काढले. म्हणजे काकांच्या वडिलांच्या डबीत चूक आणि दुरुस्ती, दोन्ही होत्या, आणि दोन्ही अस्सल. त्याच संध्याकाळी नवी पट्टी आणि त्या मुलीला घेऊन आम्ही काकांच्या घरी गेलो व माफी मागितली. काकांनी चष्मा पुसला, पट्टी आपल्याच हातात घेतली आणि चारी बाजू मोजल्या. "वर चौदा, खाली चौदा, इकडे चौदा, तिकडे चौदा," असे प्रत्येक बाजूला मोठ्याने म्हणाले. मग काकूंनी चहा आणला.

तर ताई, पहिली गोष्ट ही, की पट्टी कोणतीही घ्या, पण घरी नेल्यावर मुलीच्या फूटपट्टीशी ती लावून पाहा. १० च्या ओळीवर शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांत बरोबर २ मिलिमीटर अंतर हवे, १६ च्या ओळीवर सव्वा मिलिमीटर. एकेक अंतर मोजू नका, दहा-दहा घरे एकदम मोजा म्हणजे चूक लपणार नाही. ठिपके मोजताना एक घोटाळा होतो, तो टाळा. दहा घरांना ठिपके अकरा लागतात. दुकानातच मोजता आले तर उत्तम. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता त्या तीन पट्ट्या.

पुठ्ठ्याची पट्टी तुमच्या दुकानदाराने दाखवली नाही, ते बरे केले. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. कडा झिजल्या की ठिपका कोठे संपतो तेच कळत नाही. आमच्यासारखी कागदावर छापून घेण्याची काटकसर तर करूच नका.

पत्र्याची पट्टी टिकाऊ. वाकत नाही, फुगत नाही, पोरांच्या दप्तरात राहिली तरी बिघडत नाही. विहारातल्या वर्गासाठी, जेथे वीस हात एकच वस्तू हाताळतात, आम्ही हीच घेतली. पण तिच्यातून आरपार दिसत नाही. तिकीट पट्टीवर ठेवून मोजावे लागते, म्हणजे तिकीट सुटे हवे. आणि आपल्या घरांतली सर्वांत जपलेली तिकिटे सुटी नसतात. १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे पहिले तिकीट निघाले, पंधरा पैशांचे. त्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटे कित्येक घरांत फोटोशेजारी ठेवलेली आढळतील. १९७३ आणि १९९१ सालच्या १४ एप्रिलचीही असतील. मोजण्याच्या हौसेने असले तिकीट पाकिटावरून मुळीच सोडवू नये. शिक्क्यासह पाकिटाची जी किंमत असते, ती सुट्या तिकिटाला नाही. पाकीट असेल तर पत्र्याची पट्टी उपयोगाची नाही.

म्हणून एकच घ्यायची तर आरपार दिसणारी घ्यावी, असे आमचे मत आहे. ती पाकिटावर ठेवा, आल्बमच्या पानावर ठेवा, तिकिटाला बोटही न लावता माप घेता येते. तिच्यातही दोन प्रकार. एकात पावपाव किंवा अर्ध्या-अर्ध्या फरकाने ठिपक्यांच्या ओळी असतात. नवशिक्याला हा समजायला सोपा, कारण ओळ जुळली की आकडा समोर. अर्ध्याच्या ओळी असतील तर घेऊ नका, पावाच्या असतील तरच घ्या. दुसऱ्या प्रकारात वरून खाली जवळजवळ येत जाणाऱ्या तिरक्या रेघा असतात. पट्टी तिकिटावर हळूहळू सरकवायची आणि सगळ्या रेघा सगळ्या छिद्रांच्या मधोमध आल्या की बाजूचा आकडा वाचायचा. यात १३.८, १३.९ असे दशांशापर्यंत कळते. इंग्लंडच्या स्टॅन्ली गिबन्स या कॅटलॉगवाल्या कंपनीची 'इन्स्टान्टा' पट्टी याच जातीची आहे. हात बसायला आठ-दहा तिकिटे मोजावी लागतात. आठवीतल्या मुलीला अवघड नाही. उलट रेघा सरकवताना माप म्हणजे काय ते तिला नीट उमगेल. एकच काळजी घ्यावी. छपाईची बाजू तिकिटाला टेकलेली असावी. ती वर राहिली आणि डोळा तिरका झाला की आकडा घसरतो. आणि प्लास्टिक आहे, टीव्हीवर किंवा उन्हात खिडकीत ठेवू नये, ते वाकते.

विजेवर चालणारी यंत्रेही निघाली आहेत. तिकीट ठेवले की आकडा दाखवतात. जर्मनीच्या साफे कंपनीचे 'परफोट्रॉनिक' त्यांतले प्रसिद्ध. मोठा संग्राहक किंवा व्यापारी असेल त्याने घ्यावे. आपल्या ऐपतीची आणि गरजेची ती वस्तू नव्हे. संगणकाच्या स्कॅनरवर तिकीट ठेवून मोजता येते आणि ते चांगले मोजता येते. पण मोबाईलने काढलेल्या फोटोवरून मोजू नका. फोन जरा कलला की एक कड लांब आणि दुसरी आखूड दिसते.

पट्टी मिळेपर्यंत मुलीला थांबवायचे नसेल तर फूटपट्टीने हिशेब करता येतो. एका कडेच्या पहिल्या छिद्राच्या मध्यापासून शेवटच्या छिद्राच्या मध्यापर्यंत लांबी मोजा. मधली घरे मोजा. घरांना २० ने गुणा आणि लांबीने भागा. समजा घरे १६ आणि लांबी २३ मिलिमीटर. ३२० भागिले २३ म्हणजे १३.९, म्हणजे जवळपास १४. हीच लांबी चुकून साडेबावीस वाचली तर उत्तर १४.२ येते. अर्ध्या मिलिमीटरने पाव छिद्राहून जास्त फरक पडला! एवढ्यासाठीच खरी पट्टी लागते. तरी हा हिशेब एकदा मुलीकडून करून घ्याच, गणिताची भीती जाते.

मोजताना तिकीट कोरडे असावे. नुकतेच पाण्यातून काढलेले तिकीट ताणलेले असते. खाली काळा कागद घेतला की छिद्रे उठून दिसतात. दाते मोडलेले असतील तर दात्यांकडे पाहू नये, दोन दात्यांमधली खाच पाहावी. आणि एका टोकाला जुळले म्हणून समाधान मानू नये. शेवटच्या छिद्रापर्यंत नजर न्यावी, कारण थोडी थोडी चूक शेवटाकडेच साचते. चारी बाजू मोजाव्यात. यंत्र कंगव्यासारखे असेल तर एका फटक्यात वरची कड आणि दोन बाजू पडतात, कोपरे सुबक येतात. एकेक ओळ पाडणारे यंत्र असेल तर कोपऱ्यात छिद्रे एकमेकांवर चढतात. तसा कोपरा दिसला म्हणून तिकीट लगेच खोटे ठरवू नका.

एवढी खटपट कशासाठी, असे घरातले कोणी विचारील. कारण आपला माणूस बाबासाहेबांचे तिकीट म्हटले की घासाघीस करीत नाही. श्रद्धेने हात खिशात जातो. आणि हे ओळखून 'वेगळ्या छिद्रांचे दुर्मीळ तिकीट' म्हणून साधे तिकीट दहापट किमतीला खपवणारेही असतात. कोठे छिद्रे नसलेले म्हणून विकतात आणि ते रुंद कडेच्या तिकिटाचे दाते कापून केलेले असते. असे कोणी पुढे केले तर आधी कॅटलॉगात ती जात आहे का ते पाहावे, मग चारी बाजूंची पट्टी लावावी, मग पैसे काढावेत. बिनछिद्राचे म्हणून दिले तर त्याची लांबी-रुंदी साध्या तिकिटाशी ताडून पाहावी. दाते कापलेले तिकीट आकाराने कमी भरते. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात छापली गेली, त्यांचे माप ११.५. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला फार. तेथे माप वेगळे निघाले की व्यवहार तेथेच थांबवावा. पण उलट धरून चालू नये. माप जुळले म्हणजे तिकीट खरेच, असे नाही. कागद, जलचिन्ह, छपाई हेही पाहावे लागते.

१९२६ पासून आपली बहुतेक तिकिटे आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात आली. त्याआधीची लंडनच्या डी ला रू कंपनीची. मुलीला सुरुवात करायची असेल तर नाशिकच्याच तिकिटांनी करू द्यावी, ती स्वस्त आणि सहज मिळतात. १९५६ च्या मे महिन्यात बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाची दोन तिकिटे निघाली, दोन आणे आणि चौदा आणे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला काय घडले ते सांगायला नको. १९७७ चे जोतिरावांचे, १९७९ चे शाहू महाराजांचे, १९९८ चे सावित्रीमाईंचे. एवढी जमली की प्रत्येकाच्या खाली वहीत चारी बाजूंचे माप तिने स्वतः लिहावे आणि मगच कॅटलॉग उघडावा. आधी कॅटलॉग पाहिला की डोळा तोच आकडा शोधतो.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीकडे आता स्वतःची आरपार पट्टी आहे. ती काकांनी दिली. तिच्यावर शाईने एक बारीक खूण आहे. देण्याआधी काकांनी १० ची ओळ फूटपट्टीला लावून पाहिली होती, ती भरली म्हणून केलेली.

तिकीट पाकिटावरून न फाडता, न रंग उतरवता कसे सोडवावे, असे आणखी दोन वाचकांनी विचारले आहे. ते पुढच्या अंकी पाहू. काकांनी त्यांच्या वडिलांची रीत सांगायचे कबूल केले आहे.